वडील हवालदार म्हणून सुटले, कागद म्हणतो नायक. काय करावे?

खाडीकाठ, ऐरोली – १७ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. लष्करी पेन्शन, रेकॉर्ड ऑफिस वगैरे भानगडी माहीत असलेलं इथे कुणी आहे का? सविस्तर लिहिते, पाल्हाळ वाटलं तर सोडून द्या.

आमचे अण्णा १९६६ ला पायदळात भरती झाले आणि ३१ मार्च १९८८ ला पेन्शनीत आले. आजी अंथरुणाला खिळली होती, गावी शेताकडे बघायला कुणी नव्हतं, म्हणून मुदत उरलेली असताना स्वतः अर्ज करून सुटले. पुढे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सिक्युरिटीला होते. कळव्यात दोन खोल्या घेतल्या, तिथेच २०११ मध्ये गेले. चाळीत त्यांना सगळे 'हवालदार' म्हणायचे. नव्या भाडेकरूंना वाटायचं हे पोलिसात होते, आणि अण्णा तो गैरसमज मुद्दाम दूर करायचे नाहीत. नळावरची भांडणं लवकर मिटायची.

गेल्या आठवड्यात आईचा हयातीचा दाखला करायला कळव्याला गेले. मोबाइलसमोर चेहरा धरायचा असतो, आई नेमकी त्याच वेळी डोळे मिटायची, चार वेळा करावं लागलं. ते उरकल्यावर सहज स्पर्शवर (लष्करी पेन्शनचं सरकारी पोर्टल) तिचं खातं उघडून पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, बघितला. आजवर आम्हाला फक्त पासबुकातली रक्कम माहीत. इथे ओळीने सगळं होतं. अण्णांचा नंबर बरोबर, नाव बरोबर, आईच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर (हे नवलच), आणि पेन्शनच्या हुद्द्यापुढे 'नायक', म्हणजे हवालदाराच्या एक पायरी खाली.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "असेल काहीतरी, इंग्रजीत वेगळं म्हणत असतील." दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला तिचा फोन. "रात्रभर डोळा लागला नाही. त्यांची तिसरी फीत कुणी उतरवली का गं?"

अण्णांची काळी ट्रंक अजून पलंगाखाली आहे. झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव. हुद्द्याच्या जागी आधी 'नायक' लिहिलेलं, त्यावर काळा हात मारून 'हवालदार' केलंय. काळा रंग आता उडालाय, त्यामुळे दोन्ही हुद्दे एकमेकांवर दिसतात. म्हणजे ट्रंकेलाही नक्की ठरवता येत नाहीये.

बँकेत विचारलं, तर "आता आमच्याकडे काही नाही, सगळं स्पर्शवर" म्हणाले. रेजिमेंटचं नाव इथे टाकत नाही, कारण चूक कुणाची तेच अजून कळलेलं नाही. मला एवढंच विचारायचंय की ही दुरुस्ती कोण करतं, माणूस गेल्यावर इतक्या वर्षांनी होते का, आणि पैशात काही फरक पडतो का. पैशाचं शेवटी विचारलं, पण आईची औषधं महाग आहेत, खोटं कशाला बोलू.

---

चहाटळ – १७ नोव्हेंबर

अहो, शिवकाळात हवालदार म्हणजे अख्ख्या गडाचा धनी. किल्ल्याच्या चाव्या त्याच्या कमरेला. नाईक, मग हवालदार, मग जुमलेदार, मग हजारी. कळव्याच्या चाळीला हे माहीत असतं तर पाणी चोवीस तास आलं असतं.

उपयुक्त माहिती शून्य, याची कल्पना आहे. धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद.

---

शंकासुर – १७ नोव्हेंबर

राग मानू नका, पण कागद चुकलाय हे गृहीत धरू नका. घरच्यांच्या आठवणीत माणूस नेहमी एक-दोन पायऱ्या वर असतो. आमचे चुलत आजोबा गावात 'सुभेदार'. त्यांच्या घराला 'सुभेदारवाडा' म्हणतात. मी हौसेने कागद मागवले तर लान्स नायक निघाले. आता वाड्याचं नाव कसं बदलणार? मी ते कागद गुपचूप कपाटात ठेवून दिले.

---

सुटलेला बाबू – १८ नोव्हेंबर

ताई, मी पलटणीत २४ वर्षं क्लार्की केली. असले कागद हाताखालून पुष्कळ गेले. शंकासुर म्हणतात ते अर्धं बरोबर आहे.

आधी बुक काढा. डिस्चार्ज बुक. पेन्शनीत येताना प्रत्येकाला देतात, लहान वहीसारखं असतं. ट्रंकेतच असेल, तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली बघा. त्यात भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, सुटताना असलेला हुद्दा आणि बढत्या मिळतील.

आता महत्त्वाचं. सुटतानाचा हुद्दा आणि पेन्शनचा हुद्दा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही जो बघितला तो पेन्शनचा. अण्णा सुटले त्या काळच्या नियमाने, सुटण्याआधी एखादा हुद्दा सलग १० महिने धरलेला असेल तरच त्या हुद्द्याचं पेन्शन बसायचं. १० महिने भरले नाहीत तर खालच्या हुद्द्याचं. म्हणजे माणूस तीन फिती लावून घरी येतो, लोक हवालदार म्हणतात, ते खरंच असतं, आणि पेन्शन नायकाचं येतं, तेही नियमाने खरंच असतं. अशी शेकडो घरं आहेत आणि निम्म्यांना वाटतं की बाबूने खाल्लं.

तेव्हा बुकात हवालदार झाल्याची तारीख बघा. तिथून ३१ मार्च ८८ पर्यंत महिने मोजा. मग बोलू.

फोटो टाकलात तर नंबर झाका.

---

नेरूळचा नाविक – १८ नोव्हेंबर

बाबूंशी सहमत. आमच्या नौदलाचं सोपं आहे, खलाशांची रेकॉर्डं मानखुर्दला ब्युरो ऑफ सेलर्समध्ये, वाशीचा पूल ओलांडला की पोचलो. हवाई दलवाल्यांना दिल्लीत सुब्रोतो पार्कला लिहावं लागतं. थलसेनेचं मात्र प्रत्येक रेजिमेंटचं आपापलं.

अवांतर: नौदलात हवालदाराच्या बरोबरीचा म्हणजे पेटी ऑफिसर. माझ्या सासऱ्यांना लग्नाच्या बैठकीत सांगितलं तर म्हणाले, "पेटी म्हणजे? स्टोअरला का?"

---

खाडीकाठ – २३ नोव्हेंबर

सर्वांचे आभार. बाबूसाहेब, तुम्ही म्हणालात तसंच. वर्तमानपत्राखाली. वर एक डांबराची गोळी झिजून वाटाण्याएवढी झालेली.

बुकात सुटतानाचा हुद्दा हवालदार आहे. म्हणजे चाळ खोटं बोलत नव्हती. बढत्यांच्या पानावर लान्स नायक, नायक आणि हवालदार अशा तीन ओळी आहेत, हाताने लिहिलेल्या, निळी शाई. पहिल्या दोन तारखा स्वच्छ. तिसरीत '१' आणि '८७' दिसतं. मधला महिना इंग्रजीत तीन अक्षरी, आणि नेमका त्यावर जांभळा गोल शिक्का. जे आणि यू वाचता येतात. तिसरं अक्षर एन असेल तर जून, एल असेल तर जुलै. मी भिंग घेऊन बघितलं, मुलीने मोबाइलवर मोठं करून बघितलं, नवऱ्याने उन्हात धरून बघितलं. घरात दोन पक्ष पडलेत.

---

सुटलेला बाबू – २३ नोव्हेंबर

हेच ते.

१ जून ८७ ते ३१ मार्च ८८ म्हणजे बरोबर १० महिने. १ जुलै धरला तर ९. एका अक्षरावर तुमच्या आईंचं पेन्शन अडलंय. माझा अंदाज असा की कधीतरी कुणीतरी हेच पान किंवा याची नक्कल वाचून जुलै धरला आणि तोच पुढे चालत आला. चूक असेल तर ती कुणी मुद्दाम केलेली नाही, एवढं सांगतो. शिक्का मारणाऱ्यालाही पुढचे शंभर मारायचे असतात.

पैशाचं विचारलंत. फरक पडतो. ओआरओपीचे (वन रँक वन पेन्शन) तक्ते १ जुलै २०१४ पासून लागू झाले, मग २०१९, मग २०२४. त्यात रक्कम ठरते हुद्दा, गट आणि सेवेची वर्षं यांवर, आणि कुटुंब पेन्शनचे तक्तेही हुद्द्याप्रमाणेच असतात.

---

शंकासुर – २३ नोव्हेंबर

मी माझा प्रतिसाद मागे घेत नाही, पण उत्सुकता वाढली आहे. जून की जुलै, यावर घरातल्या कुणाची काही आठवण?

---

खाडीकाठ – २४ नोव्हेंबर

तुमचा प्रतिसाद वाचून आईला फोन लावला. उत्तराची ओळ जशी आली तशी लिहिते:

"तारीख मला काय ठाऊक? पण त्यांचं पत्र आलं तेव्हा मी वडाला जायला निघाले होते. पोस्टमन पायरीवरच भेटला. हातात पूजेचं ताट, म्हणून तुझ्या आत्याने फोडून वाचलं. 'मला हवालदार केलं' असं लिहिलेलं. मग मी वडाला सात फेऱ्यांच्या वर आणखी एक मारली. आणि पेढे कुठले तिथे, गूळ वाटला."

पत्र राहिलेलं नाही. ८९ च्या पावसात गावच्या घराची मागची भिंत पडली, त्यात गेलं.

---

पंचांगवाली – २४ नोव्हेंबर

थांबा थांबा. वटपौर्णिमा! ज्येष्ठ पौर्णिमा १९८७ म्हणजे ११ जून, गुरुवार. जुनं पंचांग काढून दोनदा बघितलं. त्या वर्षी अधिक महिना नव्हता, त्यामुळे तारीख पुढेमागे सरकायचा प्रश्न नाही.

११ जूनला पत्र हातात पडलं, तर १ जुलैची बढती त्यात कशी असेल?

---

चहाटळ – २४ नोव्हेंबर

दंडवत. वडाच्या आठव्या फेरीने केस फिरवली.

---

सुटलेला बाबू – २५ नोव्हेंबर

छान जमवलंत, पण हुरळून जाऊ नका. वहिनींची आठवण लाखाची, तरी फाइलला ती लागत नाही. "पुढच्या महिन्यात हवालदार होणार" असंही लिहिलेलं असू शकतं असं कुणी म्हणेल. आठवणीचा उपयोग एवढाच की आता काय मागायचं ते कळलं.

पलटणीत माणसाच्या बाबतीत जे जे घडतं, म्हणजे रजा, लग्न, मूल, बढती, बदली, त्याची पार्ट टू ऑर्डर निघते. तिला नंबर असतो, तारीख असते, आणि घटना कुठल्या तारखेपासून लागू ते असतं. तिच्यावरून शीट रोलमध्ये नोंद चढते. शीट रोल म्हणजे त्या माणसाची नोकरीची कुंडली, ती रेकॉर्ड ऑफिसात राहते. बुक ही तुमच्याकडे दिलेली नक्कल. नक्कल आणि कुंडली जुळत नसेल तर कुंडली खरी.

म्हणून रेकॉर्ड ऑफिसला आईंच्या सहीने साधा अर्ज: अमुक नंबर, अमुक नाव, हवालदार बढतीच्या पार्ट टू ऑर्डरचा नंबर-तारीख आणि शीट रोलच्या बढती पानाची साक्षांकित प्रत द्यावी. दुरुस्ती मागू नका. आधी कागद मागा. दुरुस्ती मागितली की उत्तर येतं 'नियमानुसार योग्य आहे', आणि मग ते उत्तर खोडण्यात वर्ष जातं.

पीपीओ प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून निघतो, पण रेकॉर्ड ऑफिस जे कळवतं त्यावरून. तिकडे पत्रं टाकत बसू नका. रेजिमेंट तुम्ही सांगितली नाहीत म्हणून सगळ्यांसाठी लिहितो: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नलचं जबलपूरला.

---

वकीलीणबाई – २५ नोव्हेंबर

अर्जासोबत माहिती अधिकाराचाही अर्ज टाका, १० रुपयांत काम. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील. अर्ज आईंच्याच नावाने करा आणि पीपीओची प्रत जोडा. मुलीने केला तर 'त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती' म्हणून परत येण्याचा धोका. मी अशी परत आलेली पत्रं बघितली आहेत, फार सभ्य भाषेत असतात.

कोर्टाची वेळ येऊ नये, पण आलीच तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे. पेन्शन चुकीचं मिळणं हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय धरतात, त्यामुळे उशीर झाला म्हणून दावा बाद होत नाही. थकबाकी मात्र साधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते, २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून हे चालत आलंय. म्हणजे घरात चर्चा करत बसलात तर एकेक महिना मागून गळत जातो.

---

घोडबंदर रोड – २६ नोव्हेंबर

धागा वाचतोय. आमचे बाबा 'मानद नायब सुभेदार' आहेत. सुटताना हवालदार, मग मानद. त्यांच्याही पीपीओवर काय आहे ते आता बघावं लागणार. मानद हुद्द्याने पेन्शनमध्ये काही होतं का, की नुसती पाटी?

---

सुटलेला बाबू – २६ नोव्हेंबर

पूर्वी नुसती पाटीच होती. सहाव्या वेतन आयोगापासून, १ जानेवारी २००६ पासून, मानद नायब सुभेदाराचं पेन्शन नायब सुभेदाराप्रमाणे धरायचं ठरलं. त्याआधी सुटलेल्यांनी त्यासाठी कोर्टात भांडून घेतलं. बाबा कोणत्या साली सुटले? वेगळा धागा काढा, इथे ताईंचं मध्येच राहील.

---

इतिहासाचा किडा – २८ नोव्हेंबर

थोडं अवांतर, पण जुने कागद काढणाऱ्यांना उपयोगी पडेल.

हुद्द्यांची नावंही बदलली आहेत. ज्याला आपण नायब सुभेदार म्हणतो तो १९६५ पर्यंत 'जमादार' होता. माझ्या पणजोबांच्या कागदावर 'जमादार' आहे. एका कचेरीत दाखल्यासाठी तो कागद दिला तर तिथल्या बाई म्हणाल्या, "महापालिकेत होते का, कोणत्या वॉर्डात?" पोलिसातला जमादार वेगळा, पालिकेतला वेगळा आणि पलटणीतला वेगळा, हे पाच मिनिटं समजावलं. पलटणीतला जमादार हवालदाराच्या वर आणि सुभेदाराच्या खाली. घोडदळात तर हवालदाराला दफेदार म्हणतात आणि सुभेदाराला रिसालदार. कुणाच्या घरी दफेदार सापडला तर तो कमी पडला असं समजू नका.

दुसरं म्हणजे हुद्दा तारखेला चिकटलेला असतो. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारी कामगिरी ९ एप्रिल १९४५ ची, इटलीतल्या सेनियो नदीवरची, तेव्हा ते शिपाई होते. पुढे हवालदार झाले. म्हणून एका ठिकाणी शिपाई आणि दुसरीकडे हवालदार वाचलं तर दोन्ही बरोबर. याउलट यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले, तेव्हा नाईक होते आणि कायमचे नाईकच राहिले. रायगडातल्या माणगावात पुतळा आहे, गोव्याला जाताना थांबून बघा.

महायुद्धात पडलेल्यांच्या स्मारकांवर हुद्दा चुकला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनही पुरावा पाठवला की तपासून दुरुस्ती करतं. तिथेही त्या काळचा कागद लागतो, नातवंडांची आठवण नाही.

---

कोपरीकर – २८ नोव्हेंबर

आमचे आजोबा महायुद्धात होते, १९४६ ला परत आले, पेन्शन नव्हतं. त्यांचे कागद मागवले तर उत्तर आलं की पेन्शन नसलेल्यांच्या फाइली २५ वर्षांनी नष्ट करतात. फक्त लाँग रोलमधली, म्हणजे भरती झालेल्यांच्या कायमच्या नोंदवहीतली, एक ओळ मिळाली. नंबर, नाव, गाव, भरती, सुटका. आजोबांची अख्खी लढाई एका ओळीत. पण ती ओळ मी फ्रेम करून लावली आहे.

---

खाडीकाठ – ३ फेब्रुवारी

मंडळी, गायब होते, क्षमस्व. सांगण्यासारखं आता थोडं आहे.

आधी माझा मूर्खपणा. बाबूसाहेबांनी 'कागद मागा' असं स्पष्ट लिहिलेलं असताना एका ओळखीच्या गृहस्थांच्या सांगण्यावरून मी कोर्टनाक्यावर जाऊन आईचं प्रतिज्ञापत्र केलं. "माझे पती हवालदार होते." तीन तास, आईचे गुडघे, वर रिक्षा. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवलं तर तिथले एक निवृत्त सुभेदारसाहेब हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "बाई, नाव चुकलं तर हे चालतं. हुद्दा पत्नीच्या सांगण्यावरून कसा देणार? मग सगळ्याच बायका कर्नल म्हणतील." आई म्हणाली, "मी हवालदारच म्हणतेय, कर्नल कुठे म्हटलं?" त्यांनी अर्ज नीट लिहून घेतला आणि त्यांच्या पत्रासोबत पुढे पाठवला. माहिती अधिकाराचा मी ऑनलाइन टाकला, आईच्या नावाने.

पहिलं उत्तर आलं की पत्नीचं नातं सिद्ध करा. पीपीओची प्रत जोडली होती, पण ती उघडत नव्हती म्हणे. पुन्हा पाठवली. परवा जाड लिफाफा आला.

तीन कागद. तिसरा शीट रोलचा. टाइपरायटरवर इतक्या जोरात टाइप केलंय की 'ओ' अक्षराच्या जागी कागदाला भोकं पडली असणार, झेरॉक्समध्ये तिथे काळे ठिपके दिसतात. शेवटून दुसरी ओळ हवालदार बढतीची. पुढे पार्ट टू ऑर्डरचा नंबर. आणि त्यापुढे लागू तारीख, पूर्ण आकड्यांत: ०१-०६-८७.

आकड्यांत! शिक्का नाही, अक्षर नाही.

---

पंचांगवाली – ३ फेब्रुवारी

वडाला माझ्यातर्फे एक फेरी.

---

शंकासुर – ३ फेब्रुवारी

आता प्रतिसाद मागे घेतो. (सुभेदारवाड्याचा मात्र नाही.)

---

सुटलेला बाबू – ४ फेब्रुवारी

आता मागा दुरुस्ती. अर्ज एका पानाचा. तीनच गोष्टी: शीट रोलप्रमाणे हवालदार १ जून ८७ पासून, सुटका ३१ मार्च ८८, सलग १० महिने पूर्ण, म्हणून पेन्शनचा हुद्दा हवालदार धरून सुधारित पीपीओ काढावा. वटपौर्णिमा, भिंत, ट्रंक काही लिहू नका. वाईट वाटेल, पण नका लिहू. बुकाची मूळ प्रत कुणालाही देऊ नका, कितीही गोड बोलले तरी. आणि पोचपावती.

एक शंका आधीच सांगतो. १० महिने बरोबर काठावर आहेत. मध्ये बिनपगारी रजा किंवा असं काही निघालं तर महिने तुटले म्हणतील. शीट रोलवर तशी नोंद आहे का बघा.

---

खाडीकाठ – ४ फेब्रुवारी

बघितलं. त्या १० महिन्यांत फक्त २० दिवसांची वार्षिक रजा आहे, नोव्हेंबरात. भाताच्या कापणीला आले होते. आईला तीही आठवते, पण तुमचं ऐकून ते लिहीत नाही.

---

सुटलेला बाबू – ४ फेब्रुवारी

वार्षिक रजेने काही तुटत नाही. पाठवा.

---

चहाटळ – १९ एप्रिल

काय झालं ओ हवालदारांचं? आमच्याकडे चहाच्या टपरीवर सुद्धा विचारणा होते.

---

खाडीकाठ – १९ एप्रिल

मार्चमध्ये 'विचाराधीन' असं पत्र आलं. परवा स्पर्शवर तक्रारीची स्थिती बदलली, पण 'पुढे पाठवले' एवढंच. आई रोज विचारायची ती आता विचारत नाही. तेच जास्त त्रासदायक आहे.

---

खाडीकाठ – २८ जून

आला. सुधारित पीपीओ.

काल ऑफिसातून ट्रान्सहार्बरने ठाण्याला येताना लोकलमध्ये मेसेज बघितला. ऐरोलीला उतरायचं सोडून तशीच पुढे कळव्याला गेले. आई भांडी घासत होती. पेन्शनचा हुद्दा हवालदार, लागू १ एप्रिल १९८८ पासून. थकबाकीचं गणित वेगळं होणार आहे, ते किती मागपर्यंत धरतात ते अजून कळलेलं नाही, वकीलीणबाई, त्यासाठी तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवेन. महिन्याची वाढ बेताचीच आहे, पण बीपीच्या आणि गुडघ्याच्या गोळ्या त्यात निघतात.

आईने पदराला हात पुसले आणि फोन जवळ घेतला. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मी बोट ठेवून दाखवलं. तिने विचारलं, "यात फिती किती?" म्हटलं, तीन. "हं," म्हणाली आणि उरलेली भांडी घासायला गेली. रात्री मी निघाले तेव्हा पलंगाखालून ट्रंक ओढलेली होती आणि ती मला विचारत होती, काळा रंग हार्डवेअरच्या दुकानात लहान डब्यात मिळतो का.

बाबूसाहेब, तुम्ही कुठे राहता माहीत नाही. ठाण्या-कळव्याकडे येणं झालं तर घरी या, आई गूळ-पोळी करेल.

---

सुटलेला बाबू – २८ जून

मी साताऱ्याला असतो, ताई. वहिनींना नमस्कार सांगा. नवा पीपीओ छापून त्याच्या तीन प्रती काढा, एक बुकात ठेवा.

---

दिव्याची वाट – २९ जून

अख्खा धागा एका बैठकीत वाचला. माझ्या वडिलांच्या पीपीओवर लान्स नायक आहे आणि फोटोत खांद्याला दोन फिती दिसतात, म्हणजे नायकाच्या. १९७४ ला सुटले. ते आहेत, पण आता त्यांना नीट आठवत नाही. कुठून सुरुवात करू?

---

सुटलेला बाबू – २९ जून

फोटो कोणत्या सालचा? मागे लिहिलेलं असेल तर बघा. आणि बुक काढा.